हातभट्टीची मुंबई आणि गुन्ह्यांचा हिशेब

१६ जून १९४९ रोजी मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते आणि हेतूबद्दल शंका घ्यावी असे काही नव्हते. मजुराचा पगार गुत्त्यात जातो, बायकापोरे उपाशी राहतात, ते थांबावे यासाठी हा कायदा होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र याच शहरात पैसा, माणसे आणि पोलिसांशी संधान या तिन्ही बाबतींत भक्कम असलेल्या टोळ्या उभ्या राहिल्या. गुन्हेगारी का वाढते, या प्रश्नावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक गरिबीचे, दुसरे अशिक्षितपणाचे. मुंबईच्या दारूबंदीचा इतिहास नीट वाचला तर दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. गुन्ह्यात किती पैसा आहे हे ठरवले कायद्याने. तो पैसा वाहून नेणारे हात गरिबीने पुरवले. आणि त्या हातांना दुसरे काम मिळेल की नाही, ते शाळा आणि कारखाना यांनी ठरवले. या तिन्हींची कामे वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की धोरण चुकते, आणि त्याची किंमत नेहमी त्याच वस्त्या मोजतात.

कायद्याच्या रेघेने गुन्हा घडवणे १९४९ मध्येच सुरू झाले असे नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या मुठीत आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले वेचून घरी गाळणे ही आदिवासी आणि कुणबी घरांतली जुनी रीत होती. १८९२ च्या मोहा कायद्याने या दोन जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावरही बंधने आली. कालपर्यंत टोपलीत वाळत घातलेले फूल आज मुद्देमाल झाले. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या मागे झाडावरचा कर लागला. लोक बदलले नव्हते, त्यांची गरिबीही नवी नव्हती. बदलली होती ती कायद्याची रेघ. दुसऱ्या बाजूला, सरकारमान्य गुत्ते मात्र वाढत गेले, कारण लिलावाची रक्कम तिजोरीत पडत होती. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. दोनच वर्षांनी हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. ही दोन निवेदने शेजारी ठेवून वाचावीत. ज्या घरातून गुत्त्याचा पैसा निघाला, त्या घराच्या दाराशी शाळा पोचली नव्हती.

विसाव्या शतकात ही गाठ आणखी घट्ट झाली. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाखालोखाल उत्पन्न अबकारीचे होते. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, आणि शाळांना लागणारा पैसा दारूच्या पैशावर टेकून राहिला. १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा दारूबंदीविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच होता: दारू बंद केली तर शाळा कशावर चालवणार? मुलांचे शिक्षण दारूच्या पैशावर चालावे, हे गांधीजींना मान्य नव्हते. शाळेने हातमागावर, चरख्यावर, हस्तव्यवसायावर आपला खर्च आपण भागवावा, ही त्यांची नई तालीमची मांडणी त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत पुढे आली, तिच्या मुळाशी हाही पेच होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते आणि दारूच्या धंद्यात असलेल्या आपल्याच समाजाचा रोष त्यांनी पत्करला. तीनच महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग थंडावला. स्वावलंबी शाळेची कल्पना पुढे फार ठिकाणी रुजली नाही. अबकारीचा पैसा गेला तर त्याच वस्तीत शाळा आणि रोजगार यांसाठी दुसरा पैसा कुठून येईल, याचे उत्तर १९४९ मध्येही कुणी दिले नाही. माझ्या मते कायद्यातली खरी त्रुटी ही होती. दारू वाईट आहे या म्हणण्यात त्रुटी नव्हती.

आता भट्टीकडे पाहू. गावठी दारूला लागणारे सामान बाजारात उघड मिळे: काळा गूळ, नवसागर, सडकी फळे, पाणी, जळण. गूळ आणि नवसागर पत्र्याच्या पिंपात भिजवून काही दिवस आंबवले की पोलिसांच्या पंचनाम्यात ज्याला ‘कच्चे रसायन’ म्हणतात ते तयार होते. ते उकळून वाफ थंड केली की धार लागते. पहिल्या धारेची सर्वांत कडक. पिंपे पुरायला माहीमच्या खाडीतला चिखल, धारावीच्या कडेची तिवरे, शीव आणि अँटॉप हिलची मिठागरे अशा निर्जन जागा शहराच्या पोटातच होत्या. माल मोटारीच्या टायरच्या रबरी ट्यूबमधून हलवला जाई. ट्यूब अंगाभोवती गुंडाळून बाई किंवा पोरगा गर्दीतून निघून जाई. अड्डे अनेकदा विधवा, सोडून दिलेल्या किंवा एकट्या बायका आपल्या खोलीतच चालवत. शहरभर ‘आंटीचा अड्डा’ म्हणून ते ओळखले जात. या साखळीत सर्वांत स्वस्त गोष्ट माणूस होता. गूळ पैसे देऊन घ्यावा लागे, हवालदाराला हप्ता द्यावा लागे; ट्यूब वाहणारे पोर मात्र कितीही मिळत होते. मालाची किंमत गाळण्याच्या खर्चावर ठरतच नव्हती, ती धोक्यावर ठरत होती. धोका निर्माण केला होता कायद्याने, आणि त्या धोक्याचे पैसे जो संघटित होता त्याने गोळा केले. बोरीबंदरात हमाली केलेला वरदराजन मुदलियार धारावी आणि अँटॉप हिलच्या हातभट्टीवर मोठा झाला. अशा तल्लख, धाडसी माणसाला शहरात सरळ मार्गाने वर चढायला कोणती शिडी होती, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याने केलेले गुन्हे त्यामुळे माफ होत नाहीत.

पकडले कोण गेले, तेही पाहा. ज्याची तब्येत दारूवाचून ढासळेल असे डॉक्टर लिहून देईल, त्याला परवान्याची सोय होती. परदेशी पाहुण्याला होती. लष्कराच्या मेसला होती, आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सूट ग्राह्य धरून कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. दवाखान्याची पायरी आणि परवान्याचा अर्ज ज्याला परवडत होता तो मलबार हिलवर बसून कायदेशीरपणे पीत होता. लालबागचा बदली कामगार तोंडाला वास आला म्हणून कोठडीत जात होता. त्यात ज्या जमातींवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता, त्यांचे हाल वेगळेच. तो कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पण या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या सेटलमेंटच्या तारांतून बाहेर आलेल्या कुटुंबांना जमीन नव्हती, पतही नव्हती. त्यांच्यातल्या काहींना भट्टीचाच आधार उरला आणि जुना शिक्का नव्या कलमाखाली परत बसला. एखाद्या समाजाचे ‘गुन्ह्यांचे प्रमाण’ सांगणारा आकडा वाचताना तो आकडा कोणत्या कलमाने तयार केला हे आधी विचारावे, ते यासाठी.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप बायकांचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. दारूमुळे मार खाणारी, घरातली भांडी विकली गेलेली बाई म्हणते, तुमच्या टोळ्यांचा इतिहास मला सांगू नका, माझ्या गल्लीतले दुकान बंद करा. तिचे खरे आहे. दारूने होणारी मारहाण हाही गुन्हा आहे आणि तो बहुतेक वेळा पोलिसांच्या वहीत चढतच नाही; त्यामुळे दारूबंदीचा हा फायदा आकड्यांत दिसत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद करण्याची तरतूद केली, ती मला योग्य वाटते. तिथे निर्णय वस्तीचा असतो आणि नजरही वस्तीचीच राहते. माझा आक्षेप सरसकट, राज्यभर, पोलिसांच्या काठीवर चालणाऱ्या बंदीला आहे. तिच्यात दुकान बंद होते आणि अड्डा उघडतो. अड्ड्याला ना बंद होण्याची वेळ, ना मालाची तपासणी, ना जाब विचारायला कोणी. गल्लीतल्या बाईला त्याचा त्रास दुकानापेक्षा अधिक होतो.

दुसरा आक्षेप असा: साठच्या दशकाच्या मध्यापासून वसंतराव नाईकांच्या सरकारने परवाने सैल केले, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने उघडली, तरी मुंबईतल्या टोळ्या संपल्या नाहीत, उलट वाढल्या. खरे आहे. पण त्या कशावर वाढल्या ते पाहायला हवे. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, तेव्हा अर्थखाते मोरारजींकडेच होते, आणि १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. देशात सोन्याची मागणी तशीच राहिली, आणि खाडीत ट्यूब हलवणाऱ्या धंद्याच्या शेजारी बंदरात बिस्किटे उतरवण्याचा धंदा फोफावला. हाजी मस्तानचे नाव त्यातूनच झाले. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आयात खुली झाली, तशी सोन्याच्या तस्करीतली मलई आटली. मनुष्यबळाची बाजू गिरणगावाने दाखवली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हजारो पुन्हा कधी खात्यावर परतले नाहीत. बापाचे कार्ड मुलाला मिळायचे, ते थांबले. परळ, लालबाग, भायखळ्याची पोरे सातवी-नववीपर्यंत शिकलेली होती. वाचता येत होते, काम नव्हते. दगडी चाळीची टोळी याच भागातून भरली गेली. त्याआधी पन्नास वर्षे हीच माणसे दहा बाय बाराच्या खोलीत गरिबीत राहत होती आणि महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवत होती. नुसत्या गरिबीने गुन्हेगारी होत असती तर गिरणगाव १९३० मध्येच पेटले असते.

शिक्षणाबद्दलही भाबडेपणा नको. देशात साक्षरतेत पुढे असलेल्या केरळात नोंदलेल्या गुन्ह्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जास्त दिसते, कारण शिकलेला माणूस तक्रार द्यायला ठाण्यात जातो आणि पोलीस ती लिहून घेतात. दारूबंदी असलेल्या गुजरातेत दारूबंदी कायद्याखालच्या नोंदी मोठ्या, कारण तिथे तो गुन्हा आहे. अक्षरओळखीने माणूस गुन्ह्यापासून दूर जातोच असे नाही. शिक्षणाला पुढे नोकरीचे दार असेल तर जातो. आणि कायदा सैल केला की सगळे आपोआप सुधारते, हेही खरे नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तेव्हा मुंबईत दारूबंदी नव्हती. देशी दारूच्या बाटलीवरचा कर ज्याला परवडत नाही तो पिशवीतली घेतो, आणि त्या पिशवीत मेथॅनॉल असू शकते. २००९ मध्ये अहमदाबादेत, बंदीच्या राज्यात, शंभराहून अधिक असेच मेले. दोन्ही ठिकाणी मेले ते रोजंदारीवरचे.

बंदी घालायची, पण त्याच वस्तीत शाळा आणि रोजगार उभे करायचे नाहीत, ही १९४९ ची चूक आपण आजही करत आहोत. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली; अवैध दारू आणि गुन्हे वाढले, त्यात बायका-मुलेही ओढली गेली, हे कारण देऊन. मधल्या सहा वर्षांत त्या मुलांसाठी काय उभे केले, याचा हिशेब कुणी मागितला नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आला तेव्हा मुंबईत ब्राउन शुगर पसरत होती आणि कडक कायदा हवाच होता. पण त्याच जाळ्यात व्यापारी आणि व्यसनी दोघे एकत्र सापडले. २००१ च्या दुरुस्तीने कमी आणि व्यापारी प्रमाण असा भेद केला, तोही सोळा वर्षांनी. या कायद्यात कलम ६४-अ आहे: थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालवू नये. हे कलम आरोपीला वाचून दाखवावे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यासाठी खाटा ठेवाव्यात आणि दारूच्या महसुलातला ठरावीक वाटा ज्या वस्तीतून तो येतो तिथल्या शाळा आणि आयटीआयला लेखाशीर्ष लावून द्यावा, ही मागणी आपल्या आमदाराकडे करायला हवी.