मस्तगडाचा अनामिक गवंडी आणि मेंढपाळाचा मुलगा टेल्फर्ड

१. जालन्याचा मस्तगड निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या आज्ञेवरून काबील खानाने १७२५ मध्ये बांधला, असे सांगतात. आवारात एक मोठी विहीर आहे. तिच्या पोटात सज्जे आणि दालने आहेत. आज्ञा करणारा ठाऊक आहे, बांधवून घेणाराही. पण पाण्याच्या काठाशी दालने रचणारा गवंडी कोण होता?

२. अशाच एका गवंड्याचे नाव मात्र जगाला ठाऊक झाले. मस्तगडानंतर ३२ वर्षांनी, ९ ऑगस्ट १७५७ रोजी, स्कॉटलंडच्या एस्कडेल खोऱ्यात थॉमस टेल्फर्ड जन्मला. वडील मेंढपाळ, मुलगा काही महिन्यांचा असतानाच ते वारले. आईने हलाखीत त्याला वाढवले.

३. मेंढरे राखत तो गावच्या शाळेत शिकला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास पाथरवटाकडे उमेदवारीला लागला. लँगहोम गावच्या पुलावर त्याने काम केले. तेथील पॅस्ली नावाच्या एका बाईंनी त्याला आपली पुस्तके वाचायला दिली. पुढे वडिलांच्या थडग्याचा दगडही त्याने स्वतः घडवला.

४. १७८२ मध्ये तो लंडनला गेला आणि सॉमरसेट हाउसच्या बांधकामावर दगड घडवू लागला. नंतर खासदार विल्यम पुल्टनी यांच्या पाठिंब्याने श्रॉपशर परगण्याच्या बांधकामांची देखरेख त्याच्याकडे आली. छिन्नी धरणारा हात आता नकाशे काढू लागला.

५. वेल्समधील पाँटकसिल्टे येथे विल्यम जेसपच्या साथीने त्याने कालवाच दरीवरून नेला. उंच दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ. लांबी सुमारे ३०७ मीटर, उंची सुमारे ३८ मीटर. १८०५ पासून नावा तिच्यातून जातात. १८२६ मध्ये मेनाय सामुद्रधुनीवर त्याचा साखळदंडांचा झुलता पूल खुला झाला.

६. स्थापत्य अभियंता हा तेव्हा नवाच व्यवसाय होता. १८२० मध्ये अभियंत्यांच्या लंडनमधील संस्थेचा टेल्फर्ड पहिला अध्यक्ष झाला. अनुभव टिपून ठेवावा, तो सभेत वाचावा, पुढच्यांना द्यावा, ही रीत तेथे रुजली. १८३४ मध्ये तो वारला; मेंढपाळाच्या मुलाला वेस्टमिन्स्टर ॲबीत चिरविश्रांती मिळाली.

७. मग फरक बुद्धीचा होता का? मस्तगडाची विहीर पाहून तसे म्हणवत नाही. टेल्फर्डला गावची शाळा, उसनी पुस्तके आणि हाती लेखणी मिळाली. आपल्याकडील बहुतेक गवंड्यांची विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात गेली. कागदावर फारशी उतरली नाही. जेथे हात थांबला, तेथे विद्याही थांबली.

८. टेल्फर्डने हे ऋण ओळखले होते. मृत्युपत्रात त्याने वेस्टरकर्क आणि लँगहोम येथील ग्रंथालयांसाठी पैसे ठेवले.

९. मस्तगडावर गेलात तर आज्ञा करणाऱ्याचे नाव जरूर आठवा. पण विहिरीपाशीही क्षणभर थांबा. ज्याचे नाव उरले नाही, त्याचे काम तेथे उभे आहे.