चार इंचांचं कासव

परवा नातीनं मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाएवढ्या, लाल कानाच्या कासवासाठी हट्ट धरला आणि मला अमेरिकेतली एक हकीकत आठवली. १९७०च्या सुमारास तिथं अशी पिल्लं घरोघरी होती. मुलं ती हाताळत, तोंडातही घालत. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कासवाकडून साल्मोनेला जंतू पोटात जात. ताप, जुलाब सुरू होत. अखेर १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकण्यावर तिथल्या सरकारनं बंदी घातली. चारच का? तेवढं कासव लहान मुलाच्या तोंडात मावत नाही! त्यामुळे वर्षाला मुलांमधली सुमारे १ लाख आजारपणं टळली, असा अंदाज आहे. निर्यातीला मात्र मुभा राहिली. नातीचं कासवही मूळ त्याच जातीचं. आम्ही ते काचेबाहेरूनच पाहिलं आणि घरी आलो.