राईचे वाटेकरी

जुन्नरच्या लेण्यांतले ब्राह्मी शिलालेख बहुतेक दानाचे आहेत. कुणी पाण्याचं टाकं खोदून दिलं, कुणी चैत्यगृह, कुणी शेत. त्यांतला आडुथुम नावाच्या शक उपासकाचा लेख झाडांविषयी आहे. वडालिका गावची २० निवर्तनं जमीन करंजाच्या लागवडीसाठी आणि कटापुटक गावची ९ निवर्तनं वडाच्या लागवडीसाठी, अशी व्यवस्था त्यानं कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे लावून दिली. लेख सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. देशी झाडांच्या लागवडीची लेखी सोय एवढ्या जुन्या काळी आणि तीही आपल्याच तालुक्यात झाली होती, याचा अभिमान कुणालाही वाटेल. पण लेखातली मोलाची गोष्ट करंज किंवा वड नाही, श्रेणी आहे. झाडं लावायची पुण्याई दात्याची. ती राखायची जबाबदारी मात्र व्यापारउदीम करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, दाता गेल्यावरही टिकणाऱ्या एका मंडळाची. हे दान भिक्षुसंघाच्या सोयीसाठी होतं, निसर्गप्रेमातून नव्हे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे ते. माझ्या म्हणण्याला त्यानं बळच मिळतं. जुन्नर-आंबेगावच्या इतिहासात झाडं निव्वळ प्रेमावर फारशी जगलेली दिसत नाहीत. ज्यांचा त्यांत वाटा होता आणि ज्यांच्यावर त्यांचं बंधन होतं, त्यांच्या हातून ती जगली. आज स्वयंसेवक देशी झाडांच्या बागा उभ्या करू पाहतात तेव्हा हा इतिहास आधी वाचावा, असं मला वाटतं.

श्रेणी गेल्या, त्यांच्या ठेवी गेल्या. उरल्या त्या देवराया. घाटमाथ्याच्या बाजूला, आहुप्यासारख्या गावांत, महादेव कोळ्यांनी राखलेल्या राया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघा संशोधकांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ साली त्यांचा लेख ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. तोवर बहुतेक शहरी अभ्यासकांच्या लेखी देवराई म्हणजे अंधश्रद्धेचं एक प्रकरण होतं. या दोघांनी तिच्याकडे व्यवस्था म्हणून पाहिलं. तिथं ओलं लाकूड तोडायचं नाही, काही ठिकाणी वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, आणि नियम मोडलाच तर देवाचा कौल. हे नियम कुठल्या पाटीवर लिहिलेले नव्हते. पोर गुरांमागं हिंडताना ते शिकत होतं. वाघबारशीला गुराखी रानात दुधाचा भात शिजवतात, वाघोबाला नैवेद्य ठेवतात, एखाद्या पोराला वाघ करून पळवतात. गंमत खरी, पण कुठल्या रानात कुणाचं राज्य आहे, हे त्या पोराला कुणी वेगळं बसवून सांगावं लागत नाही. शिकणं आणि राखणं या दोन गोष्टी इथं वेगळ्या काढताच येत नव्हत्या.

त्या वेगळ्या काढल्या की काय होतं, याचा दाखला याच तालुक्यात आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८२५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला. दख्खन आणि खानदेशात देवी टोचत गावोगाव फिरला, इथल्या भाषा शिकला, आणि १८३८ साली दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचा अधीक्षक झाला. दापोडीच्या जोडीला त्यानं जुन्नरजवळ हिवऱ्याला बाग केली. तिथं सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड सरकारी औषधभांडारासाठी होत असे. पुढे १८४७ पासून १८६० पर्यंत तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक होता. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे सरकारला बजावणाऱ्या पहिल्या काही अधिकाऱ्यांत त्याची गणना होते. वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ए. डॅलझेलबरोबर त्यानं लिहिलेलं ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघालं. माणूस कामाचा होता, यात वाद नाही. त्याच्या पुस्तकात झाडांची देशी नावं पुष्कळ आहेत. ती सांगणाऱ्यांची नावं शोधू गेलं तर हाती काही लागत नाही. दापोडीच्या बागेतल्या वनस्पतींची जी देखणी चित्रं १८४७ ते १८५० या काळात काढली गेली आणि आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवली आहेत, तीही एका अनाम भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराची. सांगणारे, खोदणारे, पाणी घालणारे आणि रंगवणारे हात इथले होते. बाग मात्र एका हुद्द्याची होती. हुद्दा बदलला, साहेब गेले, आणि हिवऱ्याच्या बागेत राखण्यासारखं कुणाचंच काही उरलं नाही.

याच परिसरातली एक वनस्पती या बागेच्या अगदी उलट नशिबाची. जुन्नरच्या खडकांवर वाढणारी शिंदळ माकुडी डॅलझेलनं शास्त्राला परिचित करून दिली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिचं नाव फ्रेरिया ठेवलं. तिचे दांडे मांसल, काड्यांसारखे, खडकाच्या चिरेतून खाली लोंबणारे. जातभाईंना सहसा पानं नसतात, हिला मात्र पावसात चांगली जाडसर पानं फुटतात. फूल पाच कोनांचं, गर्द तांबडं-किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. परागीभवन माश्यांकडून, त्यामुळे सुगंधाची अपेक्षा ठेवू नये. शिवनेरीच्या कड्यावर ती अजून आहे. तिला कुणी पाणी घातलं नाही, कुंपण घातलं नाही. कड्यावर गुरं पोचत नाहीत आणि माणसाला तिथं पीक काढता येत नाही, एवढंच तिचं संरक्षण. मग माणसाचा हात लागला नाही तरच झाडं वाचतात, असं यातून काढायचं का? काही वन्यजीवप्रेमी ते काढतात. पण कडा किती, आणि खालचं रान किती! खालच्या रानात माणूस आहेच, हजारो वर्षांपासून आहे. प्रश्न त्याच्या हाताला कोणतं वळण आहे, एवढाच उरतो.

देवराईचं कौतुक करणाऱ्यांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ही व्यवस्था भयावर उभी होती, अनेक रायांत बायकांना मज्जाव होता, आणि देवाचा कौल म्हणजे शेवटी गावातल्या वजनदार माणसांचा कौल. शिवाय ती तरी कुठं टिकली? कोळशासाठी राया विकल्या गेल्याचं गाडगीळ-वर्तकांनीच नोंदवलं, आणि आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंटचं देऊळ बांधताना आसपासची झाडं पहिल्यांदा जातात. हे सगळं मान्य. देवराईत न्याय होता, असं माझं म्हणणंच नाही. भय काढून टाकायला हरकत नाही, मज्जाव तर काढलाच पाहिजे. पण भयाबरोबर गावाचा हक्कही निघून गेला, की मागे जी राई उरते ती ठेकेदारासाठी मोकळी असते. राया मोडल्या त्या श्रद्धा कमी झाली म्हणून कमी, आणि ठरवण्याचा अधिकार गावाबाहेर गेला म्हणून जास्त, असं मला वाटतं.

हक्क आणि उपयोग असला की लोक झाड ओरबाडतात, ही दुसरी शंका. तिला उत्तर हिरड्याचं आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा हे आदिवासी घरांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न. फळ कोवळं असतानाच, पावसाच्या आधी, काठीनं झोडपून किंवा झाडावर चढून फांद्या हलवून पाडायचं, खाली बायकापोरांनी वेचायचं, खळ्यावर पसरून काळं, कडक होईपर्यंत वाळवायचं, आणि वजनावर घालायचं. या पट्ट्यात हिरड्याला सहसा कुणी कुऱ्हाड लावत नाही, कारण पुढच्या वर्षीची मीठमिरची त्यावर आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. पीक म्हणून जे पेरलेलं नाही त्याची भरपाई कशी द्यायची, असा सरकारी पेच! ज्या झाडासाठी माणसं मोर्चा काढतात त्याला ‘संरक्षण द्या’ असं बाहेरून सांगावं लागत नाही.

पडकईचं उदाहरण मात्र अवघड आहे, आणि ते टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. उतारावर भाताची खाचरं बांधायला दहा-वीस घरांनी एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायचं, ही इथली जुनी रीत. पुढे सरकारनं त्यावर योजना केली, पैसा आला, आणि पैशामागून कित्येक ठिकाणी यंत्रं आली. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा यंत्रानं केलेल्या सपाटीकरणावरही बोट ठेवलं गेलं. मुख्य कारण मुसळधार पाऊस आणि डोंगराची रचना; एकट्या पडकईला आरोपी करणं अन्यायाचं होईल. तरी एवढं दिसतं, की हातानं बांध घालणाऱ्याला कुठं पाणी मुरतं, कुठं माती सरकते, हे कुदळीच्या प्रत्येक घावाला कळत असतं. यंत्राच्या चालकाला ते कळायची सोय नाही. नाव पडकईचंच राहिलं, तिच्यातलं शिकणं गेलं.

आजच्या कायद्यांत शिकणं, राखणं आणि हक्क हे धागे पुन्हा जोडायची जागा आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं. त्यानं तोड थांबवायला मदत केली, पण गावाला राखणदाराऐवजी संशयित करून ठेवलं. २००६च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, वाढवण्याचा हक्क गावाला दिला. २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. पण राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर राज्योराज्यी नोंदवह्या घाईनं भरल्या गेल्या. बाहेरच्या माणसानं येऊन नावं विचारायची, वही भरायची आणि निघून जायचं, ही रीत हिवऱ्याच्या बागेपासून चालत आलेली आहे.

म्हणून पुण्यामुंबईहून येणाऱ्या स्वयंसेवकांनी येऊ नये, असं नव्हे. यावं, पण गावच्या वनहक्क समितीच्या कामाला यावं आणि तिच्या वेळापत्रकानं यावं. आषाढात रोपं लावायला माणसं मिळतात. गाड्यांची रांग लागते, फोटोही चांगले येतात. खरी चणचण फाल्गुन-चैत्रात असते. तेव्हा वणवा रोखायला डोंगराच्या सोंडेवर जाळरेषा काढाव्या लागतात, उन्हात गवत कापावं लागतं, रात्री धूर दिसला की धावावं लागतं. त्या कामाला आज तरी बहुतेक तीच माणसं असतात, ज्यांचा खालच्या रानात हिरडा उभा असतो.