प्रश्नाचे शब्द आणि लोकांचे मत

धान्य पायलीने मोजावे तसे लोकमतही मोजता येते, हा विश्वास अमेरिकेत १९३५ सालापासून बळावला. त्या वर्षी जॉर्ज गॅलप व एल्मो रोपर यांच्या चाचण्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट निवडून येणार, हे त्यांचे भाकीत खरे ठरले. परंतु ही पायली शब्दांची आहे, हे लवकरच उघडकीस आले.

रोपर यांच्या चाचणीतील एक प्रयोग डोनाल्ड रग यांनी १९४१ साली प्रसिद्ध केला. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करण्यास मनाई करावी काय, असे एका गटास विचारले. परवानगी द्यावी काय, असे दुसऱ्यास. परवानगी नाही तेथे मनाई आहेच, असे आपण म्हणू. तरीही मत देणाऱ्यांपैकी परवानगी नाकारणारे शेकडा ७५ निघाले आणि मनाई मागणारे अवघे ५४! पुढे १९७० नंतरच्या दशकात शूमन व प्रेसर यांनी हा प्रयोग पुन्हा केला. लोक अधिक सहिष्णू झाले होते, पण दोन प्रश्नांतील अंतर कायम होते. आम्हांस वाटते, 'मनाई' या शब्दात दंडुक्याचा आवाज आहे. नुसती परवानगी न देणे मनाला तितके बोचत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. रोपर यांच्याच संस्थेने १९९२ साली अमेरिकनांस विचारले, की नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी घडलाच नाही, हे शक्य वाटते की अशक्य? शेकडा २२ जणांनी 'शक्य' म्हटले. साठ लाख जीवांचा बळी पन्नास वर्षांत विसरला गेला काय, म्हणून खळबळ उडाली. वस्तुतः ज्याला 'संहार घडला' असे सांगावयाचे होते, त्याला 'न घडणे अशक्य' अशी दुहेरी नकाराची कसरत करावी लागत होती. १९९४ साली सरळ विचारले, की संहार घडला नसणे शक्य वाटते, की तो घडल्याची खात्री वाटते? तेव्हा 'शक्य' म्हणणारा शंभरांत एक उरला. ९१ जणांस खात्री होती.

तेव्हा वर्तमानपत्रात शेकडेवारी दिसली, की आपण आधी मूळ प्रश्न मागावा. तो छापलेला नसेल, तर त्या आकड्यावरून कोणत्याही समाजास दोष देण्याची घाई करू नये.