तीळ, चुना आणि लेसर

मंडळी, आज एका अगदी लहान गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ती गोष्ट म्हणजे अंगावरचा तीळ. सुरुवात मात्र आमच्या घरापासून करतो.

१९८४ साली माझ्या मोठ्या बहिणीचं, आपाचं, लग्न ठरलं. तिच्या हनुवटीवर एक उठावदार काळा तीळ होता. वरपक्षाकडच्या एक बाई 'लडकी अच्छी है, लेकिन वो तिल...' एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्ध्यावर सोडून चहा पिऊ लागल्या. अम्मीला तेवढं पुरलं. शेजारच्या मावशींनी उपाय सांगितला. खायचा चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवायचा आणि काडीनं तिळावर ठेवायचा. पानपट्टीवरून चुना आणायला मला पिटाळलं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. आपा रात्रभर कण्हत होती. तीळ गेला, पण त्या जागी जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढरट खड्डा पडला. तो आजही आहे. लग्न झालं, संसारही चांगला झाला. पण चुना मी आणला होता, हे काही मनातून जात नाही.

पुढे कॉलेजात विज्ञान शाखेच्या मित्रानं मला समजावलं. ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तीळ कुठे संपतो आणि चांगली कातडी कुठे सुरू होते, हे त्याला कळत नाही. समोर येईल ते तो जाळतो.

गंमत अशी की मी ज्या कवितेवर वाढलो, तिच्यात तिळाचं कौतुक फार. फारसी-उर्दूत त्याला 'खाल' म्हणतात. चौदाव्या शतकातल्या शिराझच्या हाफिजनं तर प्रियेच्या गालावरच्या तिळापायी समरकंद आणि बुखारा ओवाळून टाकायची भाषा केली. ही शहरं तैमूरची. त्यानं कवीला बोलावून जाब विचारला, अशी दंतकथा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिस आणि लंडनमधल्या श्रीमंत स्त्रिया काळ्या रेशमाच्या टिकल्या गालाला चिकटवत. देवीचे व्रण त्याखाली झाकले जात आणि रूपही खुले. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात, तुमच्या घरात आणि आमच्याही घरात. म्हणजे एकीकडे खोटा तीळ लावायचा आणि दुसरीकडे खरा जाळायचा!

तो काढण्याची विद्याही जुनीच. सुश्रुतसंहितेत 'क्षुद्ररोग' म्हणजे किरकोळ विकारांत त्याची नोंद आहे. तिळाएवढा, काळा, न दुखणारा आणि त्वचेच्या पातळीत असलेला तो 'तिलकालक'. उडदासारखा वर आलेला तो 'मशक'. शस्त्रानं खरवडावा आणि मग क्षारानं किंवा अग्नीनं डागावा, असा उपचार तिथे सांगितला आहे. मावशींचा चुना हा त्या क्षाराचाच दूरचा वंशज म्हणायचा. फक्त वैद्याचा हात आणि वैद्याची नजर मधल्या काळात गळून पडली.

तीळ काढावा कसा, हे माणसाला असं फार पूर्वी कळलं. काढण्याआधी काय पाहावं, हे कळायला मात्र बराच वेळ लागला. १७८७ साली लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदानं एका पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जबड्याजवळची गाठ काढली आणि जपून ठेवली. तो मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग होता, हे १९६८ साली तपासणीत नक्की झालं. १८०४ साली पॅरिसमध्ये लाएनेकनं या काळ्या रोगाचं वर्णन केलं. स्टेथोस्कोप शोधणारा तो हाच. १८२० साली विल्यम नॉरिस या इंग्रज डॉक्टरनं अशाच एका रुग्णाच्या कुटुंबात अनेकांच्या अंगावर तीळ असल्याचं नोंदवलं.

बहुतेक तीळ आयुष्यभर निरुपद्रवी राहतात, हे आधी सांगायला हवं. पण संशय कधी घ्यावा? १९८५ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्याच्या सोप्या खुणा सांगितल्या. दोन्ही अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात अनेक रंग दिसणं आणि आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणं. २००४ मध्ये त्यात 'बदल' ही पाचवी खूण आली. सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग कमी आढळतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याला झाला होता. निदान १९७७ साली झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

आता लेसरविषयी. या कथेत आपल्या मातीचा एक माणूस आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. या किरणांची ऊर्जा पेशीतलं पाणी शोषून घेतं आणि पेशीची वाफ होते. चामखीळ, तीळ काढायला आजही तो वापरतात. पण वाफ झालेल्या तिळात काय होतं, ते नंतर तपासता येत नाही. म्हणून संशयाचा तीळ जाळायचा नाही, लेसरनंही नाही. तो पुरता कापून पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवायचा.

हे सगळं मला गेल्या वर्षी नीट उमगलं. आपाच्या नातीला गालावरचा तीळ नको होता. तिनं मोबाइलवर कसलंसं मलम शोधलं होतं. आपा तिला म्हणाली, 'पहले डॉक्टर को दिखा. मेरी ठुड्डी देख.' आणि सोबत जायला मला सांगितलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्माटोस्कोप या भिंगातून तीळ पाहिला. काळजीचं काही नव्हतं. वर आलेला तीळ पात्यानं त्वचेच्या पातळीत तासता येतो, खोल असेल तर कापून टाके घालता येतात, असे पर्याय त्यांनी सांगितले. व्रण थोडा तरी राहणारच, हेही सांगितलं. पोरीनं विचार करून होकार दिला. जागा बधिर करून तीळ कापला, दोन टाके घातले, सहाव्या दिवशी ते काढले. तपासणीचा अहवालही चांगला आला.

घरी पाळायच्या सूचना साध्याच होत्या. जखम सौम्य साबण-पाण्यानं धुवायची, व्हॅसलीनचा पातळ थर लावून झाकायची, खपली नखानं काढायची नाही. लाली वाढली, पू झाला, ताप आला तर लगेच परत यायचं. आपल्या वर्णाच्या त्वचेवर उन्हानं डाग गडद होतो, म्हणून जखम भरल्यावर काही महिने ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावायचं. छाती, खांदा, कानाची पाळी इथे व्रण जाड होऊन वाढतो, तेव्हा तिथला तीळ काढताना अधिक विचार करायचा.

हळद, टूथपेस्ट, चुना काही लावू नका, असंही डॉक्टर म्हणाले. चुना म्हटल्यावर मी खाली पाहिलं. आपानं मात्र हसून हनुवटीला हात लावला. पुढचे पंधरा दिवस नातीच्या गालाला व्हॅसलीन तिनंच लावलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)