रंगाने खाल्लेला उजेड

रंगीत ई-रीडर घ्यावा का, असं हल्ली बरेच जण विचारतात. मी आधी या पडद्याची कुळी सांगतो, कारण रंगाची अडचण तिथूनच चालत आली आहे.

१९७०च्या दशकात पालो आल्टोमधल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे बारीक मणी केले. विजेचा दाब बदलला की मणी कूस बदलत. शेरिडनना कागदासारखा, खोलीतल्याच उजेडात वाचता येईल असा पडदा हवा होता. पुढे १९९०च्या दशकात एमआयटीत जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी मण्यांऐवजी केसाच्या जाडीच्या कुप्या केल्या. कुपीत द्रव, त्यात काळे-पांढरे कण, दोघांचा विद्युतभार उलटसुलट. जे वर येतील ते दिसतात आणि वीज बंद केली तरी जागचे हलत नाहीत. १९९७ मध्ये ई इंक कंपनी निघाली, २००४ मध्ये जपानात या शाईचा सोनीचा लिब्रिए हा ई-रीडर आला, २००७ मध्ये किंडल.

मग रंग. सोपा उपाय म्हणजे काळ्या-पांढऱ्या शाईवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी बसवणं. २०१०चा ट्रायटन पडदा तसाच होता. पण लाल ठिपका फक्त लाल उजेड जाऊ देतो, उरलेला गिळतो. निळ्या-हिरव्याचंही तेच. म्हणजे पांढऱ्या पानावरचा जवळजवळ दोन-तृतीयांश उजेड जाळीतच मुरतो. मोबाइलच्या पडद्यामागे दिवा असतो, तो वाढवता येतो. इथे पान बाहेरच्या उजेडावर जगतं. म्हणून ते राखाडी दिसतं आणि पुढचा दिवा लावावा लागतो. ई इंकच्याच २०२०च्या कॅलिडो पडद्यात काचेवरची जाळी जाऊन छापील जाळी आली, २०२२च्या कॅलिडो ३मध्ये रंग आणखी खुलले. तरी काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची आणि रंग १५०चे. लांबी-रुंदी दोन्हीकडे निम्मे, म्हणजे तेवढ्याच जागेत चौथाई ठिपके. २०२४मध्ये आलेले कोबोचे आणि किंडलचे रंगीत रीडर याच जाळीवर उभे आहेत.

त्यामुळे कादंबऱ्या, चरित्रं, कथासंग्रह वाचणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो: रंगासाठी जास्त पैसे मोजू नका. पानाचा पांढरेपणा हीच या यंत्राची खरी कमाई आहे, ती का गमवायची? कॉमिक्स, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, नकाशे, किंवा वेगवेगळ्या रंगांत ओळी अधोरेखित करून अभ्यास करायची सवय असेल, तर मात्र जरूर घ्या.

माझी आशा दुसऱ्या वाटेवर आहे. २०१६मध्ये ई इंकने जाळीच काढून टाकली आणि निळसर, किरमिजी, पिवळे व पांढरे असे चार रंगांचे कण थेट शाईतच घातले. रंग सुरेख, पण पहिल्या पिढीत रंगीत पान बदलायला दहा सेकंद लागत. याच शाईच्या पुढच्या गॅलरी ३ या पडद्यात तेच काम सर्वांत चांगल्या रंगांसाठी दीड सेकंदावर आलं.