रस्त्यावरील माणसाचे दप्तर

बडोद्यातील प्रतापनगर येथे नॅरोगेज रेल्वेची जुनी इंजिने जतन करून ठेवली आहेत. डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली गाडे बैलांनी ओढले, हेही सर्वश्रुत आहे. तथापि त्या गाडीने बाजाराला जाणारा कुणबी पागोटे कसे बांधीत असे, त्याच्या बायकोच्या गाठोड्यात काय असे, हे आम्हांस कोणत्याही हुकुमावरून समजणार नाही. संस्थानांच्या दप्तरांत वसूल आहे, दरबार आहेत, मानपान आहेत. रस्ता क्वचितच आढळतो. आमच्या विद्यार्थ्यांना लढायांच्या सनावळ्या पाठ असतात. पणजोबांच्या वेळची बाजारपेठ कशी दिसे, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

ही उणीव काही अंशी छायाचित्राने भरून निघते, आणि त्याचा उत्तम दाखला बडोद्याशीच निगडित आहे. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली तत्कालीन बडोदे संस्थानातील नवसारीस झाला. १५ जानेवारी २०१२ रोजी त्या बडोद्यासच निवर्तल्या. नेहरू व माउंटबॅटन यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. आम्हांस मात्र १९३० नंतरच्या दशकात, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता, त्यांनी टिपलेले त्या नगरीचे नित्याचे जीवन अधिक मोलाचे वाटते. रोलिफ्लेक्स कॅमेरा छातीपोटाशी धरून, मान खाली घालून काचेत पाहावे लागते. त्यामुळे समोरच्याला कोणी रोखून पाहत आहे असे वाटत नाही. एका फिल्मवर चित्रे मात्र बाराच! कळ दाबण्यापूर्वी विचार करणे भागच असे. ही आरंभीची चित्रे, पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशा यांच्या नावे प्रसिद्ध झाली. म्हणजे चित्रातील माणूस निनावी, आणि चित्र घेणारीही निनावीच.

बडोद्याचेच ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून खेडोपाडी हिंडून भिंतींवरील चित्रे, अंगणातील रांगोळ्या व अंगावरील गोंदण टिपले. सकाळी रेखलेली रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली पुसली जाते. भट्ट यांच्या छायाचित्रांत कित्येकदा नक्षीबरोबर त्या घरची माणसेही दिसतात, आणि आमच्या मते त्यांचे खरे ऐतिहासिक मोल येथेच आहे. केवळ नक्षी पाहून ती कोणत्या हातांची, कोणत्या दाराची, हे कसे कळावे?

अर्थात स्थळ व तारीख नोंदलेली नसेल, तर अशा साधनाचा उपयोग अभ्यासकाला फारच थोडा होतो. मराठी घरांतील ट्रंकांत पडलेल्या जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर बहुधा फक्त स्टुडिओचा शिक्का असतो.